धान्य आणि कोठार

युवाल नोआ हरारी यांचा ‘सेपियन्स’ हा ग्रंथ मूळ हिब्रू भाषेंत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें तो मराठींतही आला. आफ्रिकेंतून निघालेला मानव पृथ्वीभर कसा पसरला, हें ग्रंथकार मोठ्या प्रासादिक भाषेंत सांगतात. परंतु मनुष्यानें शिकार व कंदमुळें सोडून शेती कां धरली, या प्रश्नाशीं येतांच त्यांच्यांतील इतिहासकार मागें सरतो व वकील पुढें येतो. शेती ही मानवजातीची घोर फसगत होय, गव्हानेंच मनुष्यास दावणीस बांधलें, आणि या फांसांत एकदां शिरल्यावर परतण्यास वाट उरली नाहीं, असा त्यांचा अभिप्राय आहे.

या अभिप्रायांत सत्यांश नाहीं असें नव्हे. पुणें जिल्ह्यांतच, घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराचें हें शेतकऱ्यांचें गांव. तेथें पाटाचें पाणी होतें, जवाचें पीक होतें; आणि प्रमुखाच्या पांच खोल्यांच्या घराशेजारींच धान्याचें कोठार होतें. कोठार आलें कीं त्याचा धनीही आला, हें हरारींचें म्हणणें येथें पटतें.

पण तीच माती पुढें निराळी साक्ष देते. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटलें, असें उत्खननकर्त्यांपैकीं म. के. ढवळीकर यांचें मत आहे. चौकोनी घरांच्या जागीं लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या, शेती आटली, आणि लोक पुन्हां मेंढरें व शिकार यांकडे वळले. परतीची वाट होती तर! मात्र ती सुखाची होती काय? हे लोक मेलेलीं अर्भकें दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून, घराच्या जमिनीखालीं पुरीत. प्रौढ प्रेताचे पाय घोट्यापासून तोडीत. मृतानें घर सोडून जाऊं नये, हा त्यांतील हेतु असावा, असें अभ्यासक मानतात. मेलेल्यानेंही घर सोडूं नये असें ज्यांस वाटे, त्यांचें भूमीशीं नातें केवळ फसगतीचें होतें, हें मानणें कठीण आहे.

ही ओढ नष्ट झालेली नाहीं, याची साक्ष याच जिल्ह्यांतील मुळशीनें दिली. टाटांच्या धरणाखालीं भातखाचरें बुडूं नयेत म्हणून १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं सेनापति बापट यांच्या पुढारपणाखालीं सत्याग्रह केला. धरण झालें, जमिनी गेल्या. ‘बाबांनो, भाताच्या गुलामगिरींतून तुम्ही सुटलां,’ असें त्यांस सांगण्याचें धैर्य कोणास झालें असतें? त्याच तालुक्यांत कातकरीही राहतात. मासे, खेकडे, मध, रानभाज्या गोळा करणारे हे लोक हंगामांत दुसऱ्याच्या शेतावर मजुरीसही जातात. शिकार संपली व शेती सुरू झाली, अशी रेघ त्यांच्या जीवनांत ओढतां येत नाहीं. आणि रान तुटलें कीं त्यांचें होणारें हाल जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या हालांहून निराळे नसतात.

तात्पर्य, मनुष्यास नाडलें तें धान्यानें नव्हे; कोठाराची किल्ली ज्याच्या हातीं गेली त्यानें. हा भेद न केल्यानें ग्रंथकार आरोपी सोडून साक्षीदारासच शिक्षा ठोठावतात. ग्रंथ अवश्य वाचावा. त्यांतील निकाल मात्र इनामगांव व मुळशी यांची साक्ष काढल्याविना मान्य करूं नये.