चेकनाक्यावरचा शह

मुंबईची हद्द संपून ठाण्याची सुरू होते तेथे मुलुंडचा चेकनाका आहे. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली; नाव मात्र जागचे हललेले नाही. त्यातला 'नाका' आपला आणि 'चेक' परका, असेच कोणीही म्हणेल. भाषाशुद्धीचा अभिमानी 'तपासणी नाका' सुचवील.

पण हा 'चेक' मूळचा कोण? फारसीत राजाला 'शाह' म्हणतात. बुद्धिबळात राजा अडचणीत आला की त्याच नावाचा पुकारा होई. अरबांमार्फत तो युरोपात गेला आणि फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजांपर्यंत पोचला, तो 'चेक' होऊन. राजाला अडविणे, मग कोणालाही अडविणे, मग अडवून तपासणे, असा अर्थ वाढत गेला. पटावरच्या घरांवरून चौकडीचे कापड 'चेक्स' झाले. बँकेचा चेकही लबाडीला आळा घालणाऱ्या स्थळप्रतीवरूनच नाव घेऊन आला.

तोच 'शाह' आपल्याकडे 'शह' होऊन आधीच नांदत होता. 'काटशह' ही त्याची मराठी संतती! म्हणजे नाक्यावर ज्याला परका म्हणून अडवायचे, तो आपल्याच 'शहा'चा सख्खा भाऊ निघतो.

सावरकरांच्या चळवळीने 'महापौर'सारखे शब्द दिले; ते ऋण मोठेच आहे. परंतु केवळ कूळ पाहून शब्दाचा निवाडा करणारी टीका अपुरी होय. ऋषीचे कूळ नि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. शब्दाचे मूळ खुशाल विचारावे, पण त्याला घराबाहेर काढण्यासाठी नव्हे. बसची वाट पाहणारा मुलुंडकर आजही 'चेकनाका'च म्हणतो. भाषेचा निकाल तेथे केव्हाच लागला आहे.