उघडे मैदान आणि बंदिस्त प्रेक्षागृह : खासबागेच्या संदर्भात आस्वादाचा एक प्रश्न

कळंब्याच्या तलावाकडून शहराच्या रोखाने निघालेला माणूस थोड्याच वेळात कोल्हापूरच्या खासबागेपाशी येऊन पोहोचतो. कोल्हापूरला पाणी पुरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा तलाव व त्याच्या काठचे गाव ही दीर्घकाळ शहराबाहेरची ठिकाणे होती. मधली मोकळी जमीन आता वस्तीने भरून गेली आहे. अशा भोवतालच्या गावांतून माणसे शहरात येत ती बाजाराला, अंबाबाईच्या दर्शनाला आणि करमणुकीला. या तिसऱ्या कारणासाठी येणाऱ्या प्रेक्षकाची दखल मराठी नाट्यसमीक्षेने घेतली आहे ती बहुधा तक्रारीच्या सुरात. ‘पिटातला प्रेक्षक’ या शब्दप्रयोगात ती तक्रार साठून राहिली आहे. हा प्रेक्षक गलका करतो, मध्येच उठतो, पात्राला उत्तर देतो, सूक्ष्म भावापेक्षा ठसठशीत प्रसंगावर खूश होतो, असे त्याच्यावरचे आरोप आहेत. ते खोटे नाहीत. परंतु हे वर्तन म्हणजे रसिकतेचा अभाव आहे, की ती रसिकतेची एक निराळी जात आहे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आणि तो विचारण्यास खासबागेइतके योग्य स्थळ महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली युरोपच्या प्रवासास गेले होते. त्या प्रवासात रोममधील प्राचीन क्रीडागाराचे जे दर्शन घडले, त्याची प्रेरणा खासबागेच्या कुस्ती मैदानामागे आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. मैदान १९१२ मध्ये सिद्ध झाले. त्याला पाठ लावून उभे राहिलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुले झाले. त्यालाच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. या दोन वास्तूंचे वर्णन सामान्यतः वेगवेगळे केले जाते : एक मल्लविद्येचे आश्रयस्थान, दुसरे नाट्यकलेचे. वस्तुतः त्यांचा विचार एकत्र करावयास हवा. नाट्यगृहाच्या पाठीमागे मैदानाच्या अंगाला रंगपीठ होते. एका बाजूस छपराखालचा, खुर्चीवर बसलेला, अंधारात स्वतःस विसरू पाहणारा प्रेक्षक; दुसऱ्या बाजूस आभाळाखालचा, खांद्याला खांदा लावून बसलेला, शेजाऱ्याचे तोंड पाहू शकणारा प्रेक्षक. दोहोंच्या मध्ये काही फुटांचे अंतर. कोल्हापूरच्या रंगपरंपरेचा स्वभाव या अंतरात जितका दिसतो, तितका तो कंपन्यांच्या इतिहासातही दिसत नाही.

येथे वास्तुशास्त्रातील एका भेदाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. रोमचे ते क्रीडागार नाटकांसाठी नव्हतेच. ते द्वंद्वांसाठी होते, व म्हणून त्याची बैठक रिंगणाभोवती पूर्ण फिरलेली होती. नाटकासाठी ग्रीकांनी आणि रोमनांनी निराळी रचना केली. एपिडॉरसचे प्रेक्षागार डोंगरउतारावर पंख्यासारखे उलगडलेले आहे, आणि त्याची सारी दृष्टी एका बाजूला एकवटते. कारण उघड आहे. कुस्तीला पुढची बाजू नसते; पकड कोणत्याही अंगाने पाहिली तरी ती पकडच. पात्राला मात्र मुख असते. जो प्रेक्षक पात्राच्या पाठीमागे बसला, तो नाटकाच्या बाहेर पडला. खासबागेत मध्यभागी हौदा आणि सभोवार बैठक आहे. अशा जागी एका कडेला रंगपीठ उभारले की हौद्यापलीकडचा प्रेक्षक फार दूर पडतो आणि बाजूंच्या प्रेक्षकास तिरके पाहावे लागते. नाट्यप्रयोगाच्या शुद्ध दृष्टीने ही रचना सदोष आहे, हे मान्यच केले पाहिजे. खासबागेच्या स्तुतीपर लेखनात हा दोष सहसा सांगितला जात नाही.

भरतमुनींना या अडचणीची पूर्ण जाणीव होती. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मर्त्य लोकांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असे मध्यम मापाचे नाट्यगृह सांगितले आहे, आणि त्याहून मोठे का नको याची दोन कारणे दिली आहेत : पाठ्य नीट ऐकू येत नाही, आणि मुखावरचे भाव दिसत नाहीत. पुढे अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या विघ्नांची चर्चा केली. त्यांपैकी एक विघ्न म्हणजे प्रेक्षकाचे स्वतःच्या सुखदुःखात गुंतून राहणे. त्यावर वाद्ये, गायन, सुशोभित मंडप इत्यादी उपाय त्याने सांगितले आहेत. या कसोट्या लावल्या तर मैदान म्हणजे केवळ विघ्नांचे आगरच ठरते. थंडी आहे, धूळ आहे, भाजलेल्या शेंगांचा वास आहे, रडणारे मूल आहे, परतीच्या वाटेची काळजी आहे. असे असूनही तेथे आस्वाद घडतो, हे तर कोणालाही नाकारता येत नाही. मग तो घडतो कसा?

याचे उत्तर मैदानी प्रकारांच्या घडणीतच सापडते. बंदिस्त नाट्यगृह विघ्न बाहेर ठेवते. मैदानी खेळ ते आत घेतो. तमाशाची मांडणी या दृष्टीने पाहावी. गण होतो, गवळण होते, बतावणी होते, आणि मग वगाला हात लागतो. उशिरा आलेल्याचे वगातले काही बुडत नाही. तोपर्यंत त्याला बूड टेकण्यापुरती जागा मिळालेली असते. ढोलकीचा कडकडाट ही नुसती साथ नव्हे; विखुरलेले लक्ष पुन्हा एका जागी आणण्याची ती युक्ती आहे. सोंगाड्या तर गर्दीतून आलेला शब्द झेलून त्याचाच विनोद करतो. म्हणजे जे नाट्यगृहात विघ्न, ते येथे साहित्य. कथा बहुधा परिचित असते आणि पुढे काय होणार ही उत्कंठा दुय्यम असते. म्हणून चार वाक्ये वाऱ्यावर गेली तरी धागा तुटत नाही. कुस्तीच्या मैदानातही हेच. हलगीचा ठेका बदलला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही, त्याला डाव दिसो वा न दिसो, लढत रंगात आल्याचे कळते. शाहीर पिराजीराव सरनाईकांसारख्यांच्या पोवाडागायनाची परंपरा कोल्हापुरात रुजली, तिलाही टिपेचा आवाज, डफ आणि झीलकऱ्यांनी उचललेले पालुपद ही मैदानाची गरज ओळखूनच आलेली साधने आहेत.

संगीत नाटक हे बंदिस्त नाट्यगृहाचे अपत्य मानले जाते. पण त्याच्या अंगातही मैदानाचे रक्त आहे. केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांच्या गायनाविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात आवाजाच्या चढेपणाचा व पल्ल्याचा गौरव वारंवार येतो. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात हा गुण केवळ अलंकाराचा नव्हता. आणि ‘वन्समोअर’ची प्रथा? नाटकाच्या ओघात पात्राला थांबवून तेच पद पुन्हा म्हणावयास लावणारा प्रेक्षक तादात्म्याच्या कोणत्याही सिद्धांतात बसत नाही. समीक्षकांनी या प्रथेला नाट्यघातक म्हटले. ते एका अर्थी बरोबरही आहे. परंतु तो प्रेक्षक गायक आणि पात्र असे दोन्ही एकाच वेळी पाहत होता, हेही तितकेच खरे.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे उपयोगी पडते. आस्वादक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, तरी आपले स्वत्व सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत आनंद आहे, असा तिचा मथितार्थ. केळकरांसमोर मुख्यतः वाङ्मयाचा वाचक होता. पण या कल्पनेचे सर्वांत ढळढळीत उदाहरण वाचनाच्या खोलीत न मिळता मैदानात मिळते. तेथे ‘विकल्प’ डोळ्यांसमोर बसलेला असतो. शेजारी, भावकी, गाव सारे दिसत असते. हरिश्चंद्राच्या दुःखाने डोळे पुसणारा माणूस आपल्या शेजाऱ्यानेही डोळे पुसल्याचे पाहतो, आणि त्या पाहण्याने त्याचा आस्वाद उणावत नाही, वाढतो. अंधाऱ्या नाट्यगृहातील समाधी एकेकट्याची. मैदानातील समाधी सामुदायिक. दोहोंना एकच माप लावणे अशास्त्रीय होय.

मात्र मैदानाच्या बाजूने बोलताना भाबडेपणा टाळला पाहिजे. ज्या नाटकाचा प्राण एखाद्या विरामात, अर्ध्या वाक्यात किंवा डोळ्यांच्या हालचालीत असतो, ते मैदानात जगू शकत नाही; भरताचे दुसरे कारण तेथे आजही अबाधित आहे. ध्वनिवर्धकाने पहिले कारण तेवढे दूर केले, आणि तेही मोबदला घेऊन. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ (१९८५) हे उघड्यावरील महानाट्य याचे बोलके उदाहरण आहे. हत्ती, घोडे, शेकडो कलावंत व भव्य नेपथ्य यांच्या बळावर त्याने फार मोठा समुदाय खेचला. परंतु त्यातील संवाद ध्वनिमुद्रित असतात. आवाज सर्वांना सारखा पोहोचतो खरा, पण तो नटाचा त्या रात्रीचा आवाज नव्हे. प्रेक्षकाने दिलेल्या प्रतिसादाने तो क्षणभरही थबकत नाही. मैदान मिळाले, मैदानातली देवघेव गेली. देखावा म्हणून तो प्रयोग श्रेष्ठ असेल. मैदानी नाट्य म्हणून त्याची बाजू लंगडी राहते. याच्या उलट वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) बंदिस्त नाट्यगृहात झाले, तरी दादा कोंडके यांच्या उत्स्फूर्त, त्या त्या दिवसाच्या विनोदामुळे मैदानाचा धर्म त्यात शाबूत राहिला.

चित्रपटाच्या क्षेत्रात हाच भेद निराळ्या रूपाने दिसतो. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ (१९२०) निर्माण केला, तेव्हा चित्रपट दिवसाच्या उजेडाचा मिंधा होता. उघड्यावर घडलेली ही कला पाहिली जाई ती मात्र अंधारात. जत्रांतून फिरणाऱ्या तंबू सिनेमाने तिला पुन्हा मातीवर बसविले. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या अनुबोधपटात महाराष्ट्रातील या फिरत्या व्यवसायाचा उतरता काळ टिपला आहे. लॉरीवरील जुने प्रक्षेपणयंत्र बिघडते, खेळ लांबतो, आणि लोक थांबून राहतात. त्या थांबण्याला करमणुकीत जागा होती. मुंबईत वांद्र्याला मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची जी सोय पुढे झाली, ती दिसावयास उघड्यावरची. पण प्रत्येक कुटुंब आपापल्या काचेआड. आभाळ होते, समुदाय नव्हता. उघडेपणा हा केवळ छपराच्या अभावाचा प्रश्न नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

मोठ्या शहरात उघड्या रंगमंचाची खरी अडचण पुढे कायद्याच्या रूपाने आली. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी केली. वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यास आहे. मुंबईतील धोबी तलावाजवळचे रंगभवन शांतता क्षेत्रात मोडल्यामुळे तेथील कार्यक्रम थांबले. रुग्णालयातील आजाऱ्याची झोप आणि रसिकाचे जागरण यांत निवड करावयाची झाल्यास नियमाची बाजू सहज उमगते. तथापि रात्रभर चालणारा वग दहाच्या आत आटोपावयाचा म्हणजे गण-गवळण कापावी लागते, आणि मग विखुरलेले लक्ष गोळा करणारी सारी यंत्रणाच ढासळते, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते. समीक्षकांच्या ध्यानात ते यावयास हरकत नव्हती.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, खासबागेलगतचे हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. मैदानाच्या बाजूचे व्यासपीठ प्रथम पेटले व तेथून ज्वाळा नाट्यगृहात शिरल्या, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. कलावंत व नागरिक यांनी वास्तू होती तशी उभी करण्याची मागणी केली, आणि तिचा आग्रह स्वाभाविकच प्रेक्षागृह, छत, ध्वनियोजना यांवर राहिला. पण ‘होती तशी’ याचा अर्थ मैदानाकडील पाठही होती तशी, असा घेतला पाहिजे. ती बाजू नुसती कोरी भिंत होऊन राहिली, तर १९१५ ची वास्तू नावापुरतीच परत मिळेल. त्या रंगपीठाची उंची किती असावी, नटांच्या प्रवेशासाठी मागे वाट कशी ठेवावी, आणि ध्वनिवर्धकाविना उच्चारलेले वाक्य हौदा ओलांडून कितव्या पायरीपर्यंत स्पष्ट पोहोचते, यांची नोंद आराखड्यासोबत असणे इष्ट आहे. शेवटची मोजणी तर नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एखाद्या सकाळी, कुस्त्या नसताना, करता येईल. एकाने रंगपीठाच्या जागी उभे राहून पाठ म्हणावा, आणि दुसऱ्याने हातात वही घेऊन पायरी-पायरीने मागे जात राहावे.