प्रत की प्रतिबिंब? – ऑनलाइन बॅकअप सेवांची एक चिकित्सा

लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ एक टेकडी आहे. औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेल्या या टेकडीला लोक संजीवनी बेट म्हणतात. चाकूरच्या एका शिक्षकांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन या बेटावरील वनस्पतींची नोंद सलग आठ वर्षे ठेवली. कोणत्या आठवड्यात काय फुलले, कशाला फळ धरले, कोणती वनस्पती एखाद्या वर्षी दिसलीच नाही, हे सारे छायाचित्रांसह त्यांच्या संगणकात होते. ऑनलाइन बॅकअपही चालू होता.

एप्रिलच्या अखेरीस संगणकातील जागा भरली. वर प्रत आहेच, या भरवशावर सरांनी जुने फोल्डर पुसून टाकले. जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा वरची प्रतही गेलेली होती. ती सेवा संगणकावर पुसलेली फाईल आपल्याकडेही पुसत असे, तीस दिवस कचरापेटीत ठेवत असे आणि मग कायमची काढून टाकत असे. उन्हाळ्याची सुट्टी तीस दिवसांपेक्षा मोठी असते!

सरांनी आम्हांला विचारले, "मग चांगली सेवा कोणती घ्यावी?" प्रश्न साधा आहे, पण त्यामागची हानी साधी नाही. प्रयोगशाळेतला बहुतेक प्रयोग पुन्हा करता येतो. पण सात वर्षांपूर्वीच्या श्रावणात बेटावर काय फुलले होते, हे पुन्हा जाऊन पाहता येत नाही. म्हणून या सेवांची जाहिरात बाजूला ठेवून त्यांची चिकित्सा करणे आवश्यक वाटते.

प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे

बाजारात 'बॅकअप' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या मुळात फायली सर्व उपकरणांवर एकसारख्या ठेवणाऱ्या सेवा आहेत. शाळेत केलेला बदल घरच्या संगणकावर लगेच दिसावा, हे त्यांचे काम आणि ते त्या उत्तम करतात. पण आरशासमोरचा माणूस बाजूला झाला की आरशातलाही जातो. चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचते. जुनी आवृत्ती किंवा पुसलेली फाईल साधारणतः तीस दिवस परत मिळू शकते, पुढे नाही.

दुसऱ्या प्रकारात बॅकब्लेझ, आयड्राइव्ह यांसारख्या सेवा येतात. मूळ फाईल बदलली वा पुसली गेली तरी आधीच्या आवृत्त्या राखणे हाच त्यांचा उद्देश. बॅकब्लेझमध्ये त्या एक वर्षापर्यंत राखण्याची सोय आहे. अशा सोयींचे आकडे बदलत असतात, म्हणून पैसे भरताना ताज्या अटी वाचाव्यात. मात्र पहिला प्रश्न कायम राहतो : "मी येथे पुसले तर तेथे काय होते, आणि किती दिवसांनी?" ज्या सेवेच्या जाहिरातीत याचे स्पष्ट उत्तर नाही, तिला बॅकअप म्हणू नये.

अकरा नऊंचा हिशेब

मोठ्या कंपन्या आणखी एक आकडा पुढे करतात. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी रचलेली आहे, असे कंपनी सांगते. यात एकूण अकरा नऊ आहेत. याचा अर्थ काय? एक फाईल एका वर्षात नाहीशी होण्याची शक्यता दहा हजार कोटींत एक. एखाद्या शिक्षकाच्या दहा हजार फायली असतील, तर त्यांतील एक हरवायला सरासरीने एक कोटी वर्षे लागतील.

आकडा खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. डिस्क बिघडण्याचा, विदा सडण्याचा हिशेब त्यात आहे. पण चुकून पुसले जाणे, पासवर्ड चोरीला जाणे, पैसे भरायचे राहून खाते बंद होणे, कंपनीने सेवाच गुंडाळणे, हे त्यात नाही. चाकूरच्या सरांची डिस्क बिघडली नव्हती. आपल्या फायली प्रत्यक्षात ज्या कारणांनी जातात ती सोडून उरलेल्या कारणांची हमी घेणारा हा आकडा आहे.

एकाच खुंटीला टांगलेल्या प्रती

संभाव्यतेचे एक सोपे गणित पाहू. समजा, एक प्रत वर्षभरात नष्ट होण्याची शक्यता वीसात एक आहे. दोन प्रती असतील तर दोन्ही जाण्याची शक्यता चारशेत एक, आणि तीन असतील तर आठ हजारांत एक. गुणाकार किती झपाट्याने आपल्या बाजूने काम करतो! पण दहावीनंतरचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, हा गुणाकार घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. संगणक आणि पेनड्राइव्ह एकाच कपाटात असतील तर चोर दोन्ही नेतो. प्रती दोन, पण संकट एकच.

हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने गावेच्या गावे एका मिनिटाच्या आत पाडली. अशा वेळी कागद एका घरात आणि त्याची नक्कल शेजारच्या घरात असून काय उपयोग? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा असंख्य फायली जळाल्या. ज्यांची प्रत अन्यत्र होती त्याच पुन्हा उभ्या करता आल्या.

ढगात ठेवलेली माहिती अशा संकटांपासून मुक्त असते, असा समज आहे. 'ढग' हा शब्दच फसवा आहे. ती माहितीही कुठल्यातरी इमारतीतच असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीची विदा-केंद्राची एक इमारत जळून गेली. काही ग्राहकांच्या मूळ फायली आणि बॅकअप एकाच आवारात होते, दोन्ही गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी विदा-केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह' या साठवणीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठवण फार मोठी असल्याने तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

केवळ अंतरानेही भागत नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खाते एका चुकीमुळे पुसले गेले. त्या वेळच्या संयुक्त निवेदनानुसार त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या प्रदेशांत होत्या, तरी खाते पुसले जाताच दोन्हीकडच्या गेल्या. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा पुनर्उभारणीत मोठा उपयोग झाला. म्हणजे प्रती जागेने स्वतंत्र हव्यात, तशा खात्यानेही.

चढायला किती, उतरायला किती?

जाहिरातीत 'अमर्याद जागा' असते. वेळेबद्दल मौन असते. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फायली मेगाबाइटमध्ये मोजतात. एक बाइट म्हणजे आठ बिट, हे विसरले की हिशेब आठपट चुकतो. शिवाय माहिती वर चढवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा बऱ्याचदा कमी असतो.

समजा, शाळेची छायाचित्रे ६० गिगाबाइट आहेत आणि चढवण्याचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट मिळतो. ६० × ८००० ÷ ४ = १,२०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ तास. शाळेत वीज आणि जोडणी मिळून दिवसाला पाच तास मिळत असतील, तर सात दिवस. मध्ये जोडणी तुटली तर काम थांबले तेथून पुढे सुरू होते की पुन्हा पहिल्यापासून, हे चाकूरसारख्या गावी जागेच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे. उतरवण्याचा वेग २० मेगाबिट धरला तर तीच माहिती परत यायला पावणेसात तास लागतील. एक टेराबाइट असेल तर साडेचार दिवसांहून अधिक.

कंपनीचे आयुष्य आणि खात्याचा मालक

क्रॅशप्लॅन या नावाजलेल्या बॅकअप सेवेने घरगुती ग्राहकांसाठीची योजना बंद करत असल्याचे ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपली. गूगल फोटोजमधील मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. यात कोणी फसवले असे नाही. पण 'कायमचे' हा शब्द या व्यवसायात काही वर्षांपुरताच असतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. शाळेची माहिती बहुधा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या खासगी खात्यात असते. त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले की माहितीही त्यांच्याबरोबर जाते. खाते शाळेच्या नावाने असावे आणि ते उघडण्याचा अधिकार किमान दोघांकडे असावा.

विद्यार्थ्यांच्या याद्या आणि आधार क्रमांक सांकेतिक रूपात ठेवले पाहिजेत. काही सेवांत त्याची किल्ली फक्त ग्राहकाकडे असते. गुप्ततेसाठी हे उत्तम; पण ती किल्ली हरवली तर कंपनीसुद्धा कुलूप उघडू शकत नाही. म्हणून ती कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवावी.

मग निवड कशी करावी?

या सेवा टाकाऊ आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दूर अंतरावरची आणि आपोआप घेतली जाणारी प्रत सामान्य शिक्षकाला आज त्यांच्यामुळेच मिळते. हाताने प्रत घेण्याचा संकल्प कसा टिकतो, हे आपण सर्व जाणतो! आमचा आक्षेप एवढाच की, त्यांची तुलना किंमत आणि गिगाबाइट यांवर होते. खरी कसोटी दोनच गोष्टींची : ही प्रत मूळ फाईलच्या संकटापासून किती स्वतंत्र आहे, आणि ती परत येते का?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला '३-२-१' हा नियम यासाठी पुरेसा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दूर. चाकूरच्या शाळेसाठी याचे रूप असे : एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून दुसऱ्याच्या घरी ठेवायची, तिसरी ऑनलाइन, जुन्या आवृत्त्या निदान सहा महिने राखणाऱ्या सेवेत. एवढे पैसे नसतील तर ऑनलाइन जागा थोडीच घ्यावी आणि पुन्हा मिळवता न येणारी माहिती तेवढी तेथे ठेवावी. चित्रपट पुन्हा मिळतील, बेटावरच्या नोंदी मिळणार नाहीत.

आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी एक प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. काही फायलींचे एक फोल्डर निवडा. ते बॅकअपमधून वेगळ्याच संगणकावर परत आणा. लागलेला वेळ मोजा आणि वरील सूत्राने काढलेल्या वेळेशी ताडून पाहा. प्रत्येक फाईल उघडते का, तिचा आकार मूळ फाईलइतकाच आहे का, हे तपासा. जो बॅकअप एकदाही परत आणून पाहिलेला नाही तो केवळ एक गृहीतक आहे, आणि गृहीतक तपासल्याखेरीज मान्य करू नये असे आपणच वर्गात शिकवतो.

सरांच्या नोंदींचे पुढे काय झाले? एका माजी विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी तीन वर्षांची छायाचित्रे आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. ती परत मिळाली. फुलोऱ्याच्या तारखा मुलांनी आधी एका रजिस्टरमध्ये लिहिल्या होत्या. ते शाळेच्या कपाटात होते. उरलेल्या पाच वर्षांची छायाचित्रे गेली ती गेलीच. जे वाचले ते दोन्ही वेळा एकाच कारणाने वाचले : ती प्रत दुसऱ्याच्या हाती किंवा दुसऱ्याच साधनावर होती. नवीन सेवा निवडताना सर आता किंमत शेवटी विचारतात.