उंदीर गेला, बोका आला

आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक स्थानकाजवळ, बासिसवेग रस्त्यावर ‘दे तेलेग्राफ’ या डच दैनिकाचे बस्तान अनेक वर्षे होते. कार्टूनपटांतून जन्मलेल्या जुन्या बालपुस्तकांची चर्चा या दैनिकाला वगळून होऊ शकत नाही. १९४१ साली त्याची कचेरी शहराच्या मध्यभागी होती आणि देश जर्मनांच्या ताब्यात. अमेरिकेहून येणारी मिकी माउसची चित्रपट्टी मिळेनाशी झाली. तिच्या जागी १६ मार्चला मार्तेन टोंडर यांचा टॉम पूस हा छोटा पांढरा बोका अवतरला.

मिकी तोवर पुस्तकांत चांगलाच रुळला होता. ‘स्टीमबोट विली’ १९२८ चा. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या बिबो अँड लँगने त्याचे पहिले पुस्तक काढले. १९३३ पासून व्हिटमन कंपनीच्या तळहाताएवढ्या जाडजूड ‘बिग लिटल बुक्स’मध्ये तो दिसू लागला. एका पानावर मजकूर, समोरच्या पानावर चित्र. ही चित्रे बहुधा फ्लॉइड गॉटफ्रेडसन यांच्या वृत्तपत्रीय पट्ट्यांतली, फक्त संवादांचे फुगे पुसून टाकलेली. त्यामुळे मिकी हात उंचावून तावातावाने काही बोलतो, आणि डोक्यावर नुसती मोकळी जागा! आज संग्राहक या पुस्तकांवर जीव टाकतात, ते समजण्यासारखे आहे. पण पुस्तक म्हणून त्यांतली बरीच उसनवारीवर जगतात. त्याच वर्षीची ब्लू रिबन प्रकाशनाची उघडताच चित्र उभे राहणारी पुस्तके कितीतरी सरस. पडद्यावरची हालचाल कागदावर आणता येत नाही, तर कागदच हलवावा, हे त्यांना उमगले होते.

टोंडर यांनी वेगळी वाट धरली. एका ओळीत दोन-तीन चित्रे आणि खाली सलग गद्य. फुगे नाहीतच. चित्रात बोका दाराआड कान टवकारून उभा. आत कोण कुजबुजते आहे, ते खालचा मजकूर सांगणार. चित्र आणि शब्द एकमेकांची कामे वाटून घेतात, एकच गोष्ट दोनदा सांगत बसत नाहीत. टोंडर स्वतः कार्टूनपटांच्या धंद्यातले, त्यांच्या स्टुडिओत सिनेमेही बनत. त्यामुळे थांबलेल्या चित्रातही पुढच्या क्षणाची चाहूल लागते. लवकरच कथेत आलेला, चौकटीचा कोट घातलेला अस्वल ओलिव्हिए बोमेल पुढे बोक्याहूनही लाडका झाला.

१९४८ मध्ये डच शिक्षणमंत्री रुटेन यांनी शाळांना चित्रकथांपासून सावध राहण्याचे परिपत्रक धाडले. अशा वातावरणात गद्याची जोड असलेली चित्रकथा पालकांना अधिक पटणारी होती. मात्र टोंडर यांची भाषा निव्वळ सोय म्हणून आलेली नव्हती. १९६७ पासून ‘दे बेझिगे बेइ’ या साहित्यिक प्रकाशनसंस्थेने बोमेलची पुस्तके मोठ्यांसाठी काढली, यातच सारे आले. १९८३ मध्ये त्यातल्याच एका कथेवरून पहिला पूर्ण लांबीचा डच कार्टूनपट निघाला. पडद्याकडून कागदाकडे वाहणारा ओघ इथे उलटा फिरला.

पडदा आणि पुस्तक यांच्या अशा नात्याचे बीज मराठी मुलखातही होते. पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा कार्टूनपट केला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि पुढच्याच वर्षी जातककथेवरचा ‘द बनियन डीअर’ तयार झाला. मराठी मुलांच्या हाती जातककथा पडल्या त्या मात्र ‘चांदोबा’ आणि ‘अमर चित्र कथा’मधून, त्या पडद्यावरच्या हरणाची रेषा न घेता. ही हानी मोठी आहे. आज दूरदर्शन मालिकांवरून निघणाऱ्या पुस्तकांत पडद्यावरची स्थिरचित्रे चिकटवून खाली दोन ओळींचा सारांश दिलेला असतो. चित्रकाराला नव्याने काही काढायला सांगितलेलेच नसते. मराठी प्रकाशकाने असे पुस्तक हाती घेतले, तर पहिला खर्च हक्कांवर नव्हे, चित्रकार आणि लेखक यांना एकत्र बसवण्यावर करावा.