तिरकमठ्याची कीर्ती : नाव कोणाचे उरते?

एकलव्याची गोष्ट आपण अंगठ्यापासून आठवतो. महाभारतात ती शिकारीपासून सुरू होते. राजपुत्र रानात शिकारीला गेले, त्यांचा कुत्रा भुंकत पुढे धावला आणि तोंडात सात बाण घेऊन परतला. बाण कोणाचे हे ठाऊक नसतानाच पांडवांनी त्या न दिसलेल्या हाताची वाखाणणी केली आणि मग त्याचा शोध घेतला. कूळ, गुरू, नाव या चौकशा नंतरच्या. त्यांची उत्तरे मिळाली, तेव्हा कौतुकाची तक्रार झाली आणि तक्रारीची किंमत अंगठ्याने चुकवली गेली.

धनुर्धर शिकाऱ्याच्या कीर्तीचे दोन प्रकार या प्रसंगात शेजारी शेजारी उभे आहेत. एक, जाणत्याने जाणत्याला दिलेली दाद. ती नाव विचारत नाही. दुसरी, दरबारात किंवा ग्रंथात नोंदली जाणारी कीर्ती. तिला आधी नाव हवे असते आणि नावामागे प्रतिष्ठा. शिकारीविषयीच्या मराठी लेखनाने या दोहोंपैकी कशाची बूज राखली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

तो मला तळोज्यात पडतो, याला कारण आहे. पेंधरहून बेलापूरला जाणारी मेट्रो नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झाली. तिच्या एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे आणि पूर्वेला माथेरानच्या रांगेचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांच्या पायथ्याने पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्या आहेत. काताच्या धंद्यावरून जमातीचे नाव पडले. तो धंदा गेला, कोळसाभट्ट्या आल्या आणि गेल्या, वीटभट्ट्या राहिल्या. रानातून पोट भरण्याची विद्या मात्र या जमातीची जुनी ओळख. त्या विद्येत कोण श्रेष्ठ होता, हे वाडीला ठाऊक असे. ते कागदावर कुठे आहे?

कागदावर जमात आहे, माणूस नाही. ठाणे जिल्ह्याचे १८८२चे गॅझेटिअर असो की वेलिंग यांचा कातकऱ्यांवरचा १९३४चा ग्रंथ, वर्णनाचा कर्ता ‘ते’ असतो : ते असे राहतात, हे खातात, अशी शिकार करतात. पुढचे संशोधन याहून कितीतरी बारकाईचे झाले. कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी १९८३मध्ये नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नंदीवाल्यांची भिस्त कुत्र्यांवर, वैदूंची लहान मांसाहारी प्राण्यांवर आणि मासेमारीवर, फासेपारध्यांची फाशांवर. एकाच मुलखात राहूनही कोणी कोणाच्या आड येत नाही, हे त्यातून कळले. पारधी म्हटले की धनुष्य, हा आपला चित्रातला समजही त्याने सुटतो. पण अशा अभ्यासाचे एकक समूह हेच असते. उत्तम फासे लावणारा कोण, हा प्रश्न तिथे पडत नाही आणि पडावा अशी अपेक्षाही नाही.

ती अपेक्षा साहित्याकडून ठेवायला हवी. मराठी शिकारकथेत नायक बहुधा बंदूकवाला. माग काढणारा, हाकारा करणारा, वाऱ्याची दिशा ओळखणारा आदिवासी सोबती ‘वाटाड्या’ म्हणून येतो. त्याच्याशिवाय जनावर दिसले नसते, हे लेखक मोकळेपणाने सांगतो. पण कथा संपते ती गोळी सुटल्यावर. कर्तृत्व शेवटच्या क्षणाच्या खात्यावर जमा होते. मारुती चितमपल्ली यांनी हा साचा बराच मोडला. ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये माधवराव पाटील हे पूर्वाश्रमीचे शिकारी जंगलाचे जाणकार म्हणून नावानिशी उभे राहतात आणि लेखक त्यांच्याकडे शिष्यासारखा पाहतो. तरीही हे ध्यानात घ्यावे लागते की ते गावचे पाटील होते. नाव लिहिले जाण्याची पहिली अट त्यांनी जन्मानेच पुरी केली होती.

हा दोष केवळ मराठीचा नाही. आधुनिक धनुर्धर शिकाऱ्यांचे सर्वांत मोठे दैवत अमेरिकेत आहे : डॉक्टर सॅक्स्टन पोप. १९११मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा अखेरचा माणूस एकटा, उपाशी सापडला. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवले गेले. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकले. १९१६मध्ये तो क्षयाने वारला. पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे पुस्तक १९२३मध्ये आले आणि त्यावर पिढ्या घडल्या. १९६१मध्ये शिकाऱ्यांची संस्था निघाली, ती पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांच्या नावाने. शिंगांची मापे घेऊन ती विक्रम नोंदवते.

गुरूचे नाव संस्थेत नाही. खरे तर ते कोणालाच ठाऊक नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत नुसता ‘माणूस’. याही रिवाजाप्रमाणे स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नसते आणि ते सांगणारे दुसरे कोणी उरले नव्हते.

पोप यांची एक नोंद मात्र फार मोलाची आहे. निशाणावर बाण मारण्यात इशी इतर धनुर्धरांच्या मानाने सामान्य होता. त्याचे कौशल्य होते जनावराच्या अगदी जवळ पोहोचण्यात. म्हणजे मोजपट्टी बदलली की श्रेष्ठ कोण, हे उत्तरही बदलते. हॉवर्ड हिल यांची कीर्ती लांबच्या नेमावर आणि १९३८च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या बाणांवर उभी आहे. फ्रेड बेअर यांची धनुष्यांच्या कारखान्यावर. पुस्तक, पडदा, कारखाना, विक्रमवही : जे मोजता, छापता किंवा विकता येते ते टिकले. दबकत, वारा सांभाळत जवळ जाण्याची कला यांपैकी कशातच मावत नाही. ती फक्त सोबत चाललेल्याला दिसते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. पोप यांनी लिहिले नसते, तर इशीची ही कलाही आपल्याला कळली नसती. म्हणून लेखकाला आरोपी करण्यात अर्थ नाही. ऋण कबूल करण्यापाशी तो थांबला की पुढे गेला, एवढेच पाहावे. दुसरा आक्षेप अधिक अवघड. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. उंदीर-घुशी त्या वेळी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत ठेवल्या होत्या. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. अशा काळात शिकाऱ्याचे गुणगान कशाला? शिवाय ज्याची कीर्ती सांगावी, त्याच्या दारात चौकशी यायची.

गुणगान नको, हे मान्य. पण हत्येचे कौतुक आणि ज्ञानाची नोंद यांत फरक करता येतो. बंदूक खाली ठेवलेल्या शिकाऱ्यांच्या आठवणी आपण निसर्गलेखन म्हणून आदराने वाचतो. तिरकमठा खाली ठेवावा लागलेल्या माणसाच्या आठवणींना तोच आदर का नसावा? त्याचे नाव द्यायचे की नाही, हे मात्र त्याला विचारून ठरावे. नाव झाकण्याचा हक्कही त्याचाच. इशीने तो शेवटपर्यंत राखला.

याच मुलखात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३०च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या कातकरी हे नाव आहे. रानावरच्या हक्कासाठी मेलेला माणूस म्हणून ते दगडावर कोरले गेले. कातकऱ्याचे नाव कोरले जायला गोळी लागावी लागली, ही आपल्या लेखनव्यवहाराची लाज आहे. ज्यांनी सोबत रान तुडवले, ते जाणते म्हातारे वाड्यांवर आता थोडे उरले आहेत. बाण पाहून हात ओळखणारे तेच. त्यांच्यापाशी जाऊन बसायचे असेल, तर मेट्रोने अंतर कमी झाले आहेच. बाकीचे चालून जावे लागेल.