चाकांवरचा पाय

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेत विषय ‘चाकांवरचा फुटबॉल’ असा छापलाय. आत येताना एका गृहस्थांनी मला विचारलं, सर, समीक्षा नाटकाची असते, कादंबरीची असते. खेळाची कसली समीक्षा? माझं म्हणणं साधं आहे. खेळाचे नियम ही कुणीतरी बसून केलेली रचना असते. एक नियम बदलला की खेळणाऱ्याचं अंग वेगळं हलायला लागतं. मग ही रचना चांगली, ही कच्ची, असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे. तो मी आज वापरणार आहे.

प्रश्न असा. माणसाच्या पायात स्केट्स आहेत आणि समोर चेंडू आहे. चेंडूला लावायचं काय? काठी, हात की पाय?

काठीचं उत्तर सगळ्यात जुनं. जेम्स प्लिम्प्टन या अमेरिकन माणसानं 1863 साली चार चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं. अंग झुकवलं की वळते, अशी ही स्केट. त्यानंतर वीसेक वर्षांत अमेरिकेत रोलर पोलो जोरात चालू होता. पुढे रोलर हॉकी आली आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती प्रात्यक्षिक खेळ म्हणून खेळली गेली. काठीवर मी थांबत नाही. काठी आली की पायाचा प्रश्नच मिटतो.

हाताचं उत्तर आपल्या महाराष्ट्राचं. पुण्यातले क्रीडाशिक्षक राजू दाभाडे यांनी 2003 साली रोलबॉल तयार केला. पुणेकरांना नियम लिहायची हौस जुनीच आहे. खो-खोचे पहिले नियम डेक्कन जिमखान्याचे, आणि बॅडमिंटनचं एक जुनं नाव चक्क ‘पूना’. (हशा) रोलबॉलमध्ये संघ बारा जणांचा, मैदानात सहा. दोन टोकांना दोन गोल. चेंडू हातात असतो, पण तो घेऊन नुसतं सुटता येत नाही. जमिनीवर आपटत न्यावा लागतो.

ही शेवटची अट नीट बघा. माझ्या मते अख्ख्या खेळातली ही सगळ्यात हुशार अट आहे. ती नसती तर काय झालं असतं? एक जण चेंडू काखोटीला मारून घरंगळत गेला असता, बाकीचे त्याच्या मागे. आपटण्याच्या अटीनं जमीन परत खेळात आली. सरळ जाताना ती सोपी वाटते, कारण चेंडू खेळाडूच्याच वेगानं पुढे येतो आणि परत हाताला लागतो. पण वळायला लागा! अंग झुकून वळतं, चेंडू मात्र सरळ निघून जातो. रोलबॉलचा खेळाडू ओळखायचा तो वळणावर. पहिला विश्वचषक 2011 साली पुण्यात झाला. तो डेन्मार्कनं जिंकला, आपण दुसरे. पुढचा 2013 साली नैरोबीत, आणि तो आपण जिंकला. शाळेतल्या पीटीच्या मास्तरांनी तयार केलेला खेळ दहा वर्षांत आफ्रिकेत पोचतो, हे काम लहान नाही. आता टीका करणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

पायाचं उत्तर 90 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झॅक फिलिप्स यांनी नियमांत बसवलं. त्याला रोलर सॉकर म्हणतात. एका बाजूला पाच जण, नेहमीचा फुटबॉल, आणि घसरत येऊन चेंडू काढायला बंदी. हा खेळ बागांमध्ये, पार्किंगच्या जागांमध्ये वाढला. रोलबॉलसारखा शाळांमध्ये मात्र शिरला नाही.

का नाही शिरला? लोक म्हणतात, शक्यच नाही, किक मारली की माणूस उलटा मागे जाईल. हिशोब करून बघू. चेंडूचं वजन 410 ते 450 ग्रॅम. पन्नास किलोच्या पोरानं तो सेकंदाला 10 मीटर वेगानं मारला, तर पोरगं मागे येतं सेकंदाला जेमतेम 9 सेंटिमीटर. एवढ्यानं कोण पडतंय? अडचण वेगळीच आहे. साध्या फुटबॉलमध्ये किक मारताना दुसरा पाय चेंडूशेजारी रोवलेला असतो. सगळं अंग त्याच्यावर पेलून फिरतं. स्केट्सवर रोवलेला पाय ही वस्तूच उरत नाही. ज्याच्यावर उभं राहायचं तोच सरकतोय. बुटाच्या टोकानं मारावं तर चार चाकांच्या स्केटला पुढे रबरी ब्रेक, चेंडू कुठल्या कुठे जातो. तळव्याखाली चेंडू दाबून थांबवावा तर खाली चेंडू गोल आणि वर चाकंही गोल! (हशा) म्हणून पोरं मारत नाहीत, आतल्या बाजूनं ढकलतात.

आणि इथं मला हा खेळ आवडायला लागतो. स्केट्सवर पुढे जायचं तर पाऊल मागे रेटून चालत नाही, चाक नुसतं फिरतं. पाऊल तिरकं करून बाहेर रेटावं लागतं. म्हणजे पाऊल बाहेर गेलं की माणूस पुढे जातो आणि तेच पाऊल आत आलं की चेंडू पुढे जातो. जाणं आणि खेळणं, दोन्हींसाठी तोच पाय, आणि तो एका वेळी एकच काम करणार. शिवाय साध्या फुटबॉलमध्ये चेंडू घरंगळतो आणि माणूस पळतो. इथं दोघंही घरंगळतात. मध्येच तीन-चार सेकंद कुणीच काही करत नाही. माणूस आणि चेंडू शेजारी-शेजारी चाललेत, स्पर्श नाही, पण चेंडू कुणाचा हे सगळ्यांना कळतंय. अशी जागा मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेली नाही.

रोलबॉलनं या दोन कामांची वाटणी करून टाकली. पाय वाहन, हात खेळाडू. सोयीचं झालं, शिकवायला सोपं झालं. पण पाय नुसता रिक्षा झाला. रचना म्हणून विचाराल तर माझं मत पायाच्या बाजूनं.

मला आडवं लावणारे असतील. मीच लावतो. पायाच्या खेळात चाक नडगीवर बसतं. कितीही गार्ड घाला, आईच्या काळजाला गार्ड नसतो. हाताच्या खेळात चाकं आपापल्या जागी राहतात. शाळेनं हात निवडला यात शहाणपण आहे, ते मी नाकारत नाही.

माझं दुखणं पुढचं आहे. गेल्या वर्षी आमच्या भागात रस्त्याचं काँक्रीट झालं. नव्या रस्त्यावर संध्याकाळी सात-आठ पोरं स्केट्सवर फुटबॉल खेळायची. कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी रोलर सॉकर हे नावही ऐकलेलं नव्हतं. चार स्केटचे जोड आठ जणांत. एक डाव याचा, एक त्याचा. गाड्या वाढल्या तसा रस्ता गेला. मी त्यांना घेऊन एका शाळेत गेलो. बास्केटबॉलचं कोर्ट संध्याकाळी रिकामंच असतं. तिथल्या सरांनी चहा पाजला आणि विचारलं, ‘हा खेळ यादीत आहे का?’ मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, ‘रोलबॉल शिकू दे की यांना, सर्टिफिकेट तरी मिळेल.’

मी त्या सरांना दोष देत नाही. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ज्याचा बाप यंत्रमागावर दोन पाळ्या करतो, त्यानं पोराला ‘कागद मिळणार का’ असं विचारलं तर ते चूक कसं म्हणू? पण मग यादीच खेळाची समीक्षा करायला लागते. कुठला खेळ चांगला रचलाय, यापेक्षा कुठला आधी नोंदला गेला, एवढंच बघितलं जातं. आणि रोलबॉल स्वतः 2003 साली कुठल्या यादीत होता? तेव्हा कुठल्या तरी शाळेनं कोर्ट दिलंच ना!

त्यातला एक जण रोलबॉलला जातोही. चांगला खेळतो, वळणावर चेंडू सोडत नाही. त्याला मी विचारलं, काय रे, कसं वाटतंय? म्हणाला, ‘सर, ते भारीच हाय. पण पायानं खेळताना चेंडू आपल्याशेजारनं पळतोय की, ते त्यात नाही.’

मघाशी मी तीन-चार सेकंदांचं एवढं लांबण लावलं ना, त्यानं ते एका वाक्यात सांगितलं. कोर्टाचा अर्ज मी पुन्हा करणार आहे, या वेळी दोन ठिकाणी. सभागृहात शाळा चालवणारी मंडळी बसलेली दिसतायत. तुमचं कोर्ट साडेसहानंतर रिकामं असेल तर खाली उतरल्यावर मला भेटा. बाकीच्यांचे प्रश्न आता घेऊ.