पडद्याबाहेरचा धडा

पवईच्या आयआयटीने तयार केलेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे संगणकाचे पाठ बऱ्याच शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. साधारण दहा मिनिटांचा एक पाठ, पडद्यावर प्रत्यक्ष काम आणि सोबत निवेदन, तेही मराठीत. एका बाजूला पाठ चालू ठेवावा आणि दुसऱ्या बाजूला तसेच करून पाहावे, अशी ही पद्धत आहे. शिकवणारा जवळ नसतानाही शिकता यावे, ही त्यामागची भूमिका आम्हाला मनापासून पटते. तरीही जुन्या संगणकावर लिनक्स चढवून ते वर्गात वापरू पाहणारा मुलुंडचा किंवा बोरिवलीचा शिक्षक नेमका कुठे अडतो, ते या पाठांत पुरेसे उतरलेले नाही.

'सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर' हा पाठ पाहा. लिनक्सवर आज्ञावली इकडून-तिकडून उतरवून घ्यायच्या नसतात, त्या एका विश्वासू भांडारातून मागवायच्या असतात. ही मूळ कल्पना पाठात स्वच्छ मांडली आहे. परंतु पाठातील उबुंटूची आवृत्ती २०१० सालची. तिचा आधार केव्हाच संपला. आज तीच आज्ञावली एपीटी, स्नॅप आणि फ्लॅटपॅक अशा तीन वाटांनी येऊ शकते. यादीत एकच नाव दोनदा दिसले की शिक्षक गोंधळतो. उदाहरणासाठी व्हीएलसी हा चित्रफीत दाखवणारा कार्यक्रम घेतला आहे. शिक्षकाला मात्र आधी प्रश्नपत्रिका हवी असते! लिबरऑफिस ती फाइल उघडते. पण मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असेल आणि तो फाँट संगणकावर नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. दोष फाँटचा असतो, बोल मात्र लिनक्सला लागतो.

माउसचेही तसेच. बिनतारी माउस अडखळू लागला की 'लिनक्सवर माउस चालत नाही' असा निकाल लागतो आणि संगणकावर पुन्हा चोरीची विंडोज चढते. वस्तुतः असा माउस बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. त्यात यूएसबी ३ ची भर पडते. तिच्या तारांतून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती धावताना जो रेडिओगोंगाट निर्माण होतो, तो याच पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ साली हे मोजमापांसह दाखवून दिले. माउसचा इवलासा ग्राहक आणि पेनड्राइव्ह शेजारी-शेजारी खोचले, की फाइल उतरत असताना माउस अडखळू शकतो. कार्यप्रणाली कोणतीही असो, हे घडते. हातभर लांबीची यूएसबी जोडतार घेऊन ग्राहक टेबलावर माउसजवळ आणला, की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

हा तर विज्ञानाच्या तासाचाच प्रयोग आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेनड्राइव्ह काढून पाहावा. मग तारेचा माउस लावावा. तोही अडखळला तर रेडिओ निर्दोष. मग 'सिस्टिम मॉनिटर'मध्ये स्मृती भरली आहे का ते बघावे. कारण ती भरली की संगणक डिस्कवर अवलंबून राहतो आणि सारेच मंदावते. माउस थोडा वेळ पडून राहिल्यावर फक्त पहिली हालचाल गिळत असेल, तर संशय वीजबचतीवर घ्यावा. 'पॉवरटॉप'ने सगळ्या बचती एकदम सुरू केल्या, तर वापरात नसलेले यूएसबी उपकरणही झोपी जाते. त्या उपकरणापुरती 'ऑटो' ही नोंद बदलून 'ऑन' करावी लागते.

ध्वनिमुद्रित पाठात सगळे पहिल्याच फटक्यात जमते. शिकणाऱ्याला वाटते, न जमणे ही आपलीच चूक. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. दोन मिनिटे बिघाडासाठी राखून ठेवली असती, निवेदकाने एकदा तरी 'आता हे का अडले, ते पाहू' असे म्हटले असते, तर पाठाचा तोल बिघडला नसता. हे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय देऊन आणि तोच परवाना कायम ठेवून त्यांत भर घालता येते. प्रश्नपत्रिकेचा फाँट आणि माउसची जोडतार, एवढे दोन पाठ जरी उपनगरातल्या एखाद्या शाळेने मराठीत तयार केले, तरी ते आम्ही आनंदाने वर्गात दाखवू.